कडू कवठ आणि नरक्या

रत्नागिरी जिल्ह्यात ओढ्याच्या काठी, देवराईच्या कडेला कडू कवठीचं झाड अजून दिसतं. फळ पेरूएवढं, साल तपकिरी, खरखरीत आणि टणक. आतल्या गरात कोनाकोनाच्या बिया दाटीवाटीने बसलेल्या. बिया फोडून मगज घाण्यावर घातला की पिवळसर तेल निघतं आणि गारव्यात ते थिजतं. खरूज, नायटा, गुराच्या पाठीवर चिघळलेली जखम, अशा सगळ्यांवर कोकणात हे तेल लावत आले. एकोणिसाव्या शतकात याच तेलाकडून एका फार मोठ्या आजाराची आशा धरली गेली होती. कुष्ठरोगावर तेव्हा जगात कुठेच खात्रीचा उपाय नव्हता. रुग्णाला गावाबाहेर काढायचं, फार तर एखाद्या आश्रमात नेऊन ठेवायचं, एवढंच समाजाच्या हाती होतं. रत्नागिरीतलं दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या नावाचं कुष्ठालय त्याच काळातलं. अशा वेळी मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी कुष्ठरोगावर औषध द्यायला सुरुवात केली. भाऊ मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे, १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, शिलालेख आणि नाणी वाचणारे विद्वान, दोनदा मुंबईचे शेरीफ. त्यांच्या औषधाने गुण येतो अशी ख्याती पसरली. पण औषध कशाचं, हे त्यांनी जाहीर केलं नाही. १८७४ मध्ये ते गेले. ते औषध म्हणजे कडू कवठीचं तेल, हे बाकीच्या वैद्यकजगाला कळलं ते नंतर.

पूर्ण खात्री पटल्याशिवाय बोलायचं नाही, असा त्यांचा विचार असू शकेल, आणि तो प्रामाणिकही असेल. पण परिणाम काय झाला ते पाहायला हवं. किती रुग्णांना तेल दिलं, किती मात्रेत, किती महिने, किती जणांचे चट्टे गेले आणि किती जणांचे परत आले, यांतलं काहीही पुढच्या डॉक्टरच्या हाती लागलं नाही. वनस्पतीपासून औषध कसं होतं हा प्रश्न आपल्याकडे नेहमी वनस्पतीच्या थोरवीकडे वळतो: आमच्या सह्याद्रीत काय नाही, आमच्या ग्रंथांत काय लिहिलेलं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. झाडात गुण असतो, औषध नसतं. औषध तयार होतं ते पुढच्या चार गोष्टींतून: झाडाची पक्की ओळख, आतल्या द्रव्याचं माप, दुसऱ्या उपचाराशी किंवा औषध नसलेल्या नुसत्या गोळीशी केलेली तुलना, आणि हे सगळं उघड्यावर मांडणं. यांतलं एक जरी निसटलं तरी उत्तम वनस्पतीसुद्धा वाया जाते, आणि कोकणाला याची किंमत दोनदा मोजावी लागली आहे.

कडू कवठीच्या पूर्वेकडच्या भावंडाची हकीकत त्यासाठी मुद्दाम पाहावी अशी आहे. बंगाल आणि ब्रह्मदेशाकडे चौलमूग्रा नावाचं तेल कुष्ठरोगावर वापरत. १८५४ मध्ये कलकत्त्याचे डॉ. फ्रेडरिक माउअट यांनी त्यावर लिहिलं आणि युरोपभर त्याची मागणी सुरू झाली. मात्र हे तेल ज्या झाडाचं म्हणून पुस्तकांत नोंदलं गेलं ते झाडच भलतं होतं. गायनोकार्डिया नावाच्या वृक्षाचं नाव सुमारे अर्धं शतक पुस्तकांतून पुढे चालत राहिलं. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर डेव्हिड प्रेन यांनी बाजारात येणाऱ्या बिया तपासल्या आणि त्या वेगळ्याच झाडाच्या, म्हणजे कडू कवठीच्या कुळातल्या निघाल्या. त्याच सुमारास लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर यांनी खऱ्या तेलातून चौलमूग्रिक आम्ल वेगळं केलं. गायनोकार्डियाच्या तेलात ते नव्हतंच. आपल्या कडू कवठीच्या तेलात मात्र ते सापडलं आणि त्याचं जुळं हिडनोकार्पिक आम्लही सापडलं. म्हणजे भाऊंनी धरलेलं झाड योग्य होतं आणि युरोपातल्या जाडजूड औषधकोशांतलं चूक होतं. भाऊंचं लिखाण तेव्हा उपलब्ध असतं तर ही चूक कितीतरी आधी पकडली गेली असती, असं म्हणायला जागा आहे.

तेलाची पुढची अडचण ते शरीरात घालण्याची होती. पोटात घेतलं तर मळमळ आणि उलट्या. सुई टोचून दिलं तर ते दाट तेल कातडीखाली गाठ धरून बसे आणि दुखे. हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ मुलीने तेलातल्या आम्लांपासून पातळ, शरीरात मिसळेल असा पदार्थ तयार केला. १९१६ च्या अखेरीस, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती वारली. तिच्या कामाचं श्रेय पुढे बराच काळ दुसऱ्याच्या नावावर होतं. त्या इंजेक्शनांवर अनेक देशांतल्या रुग्णांनी दोन-तीन दशकं काढली. मग १९४१ मध्ये अमेरिकेत कार्व्हिल इथे सल्फोन गटातलं प्रोमिन वापरलं गेलं, पाठोपाठ डॅप्सोन आलं, आणि १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधं एकत्र देण्याची शिफारस केली. आज कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. तेल मागे पडलं. पण त्या तेलाने नेमका किती गुण येत होता? याचं नेमकं उत्तर आजही कुणाकडे नाही, कारण तेल घेणाऱ्यांची न घेणाऱ्यांशी नीट तुलना कधी झालीच नाही. हे काम अवघड होतं हेही खरं. या रोगाचा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही, रोग आपोआप चढतो-उतरतो, आणि उतरणीच्या दिवसांत जे औषध चालू असेल त्याला यश मिळतं. म्हणूनच तर तुलना हवी होती.

आता दुसरं झाड. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वर-कोयनेपासून आंबोलीच्या खालपर्यंत नरक्या नावाचं एक लहानखुरं झाड वाढतं. त्याच्या फुलांना घाण वास येतो. कडू कवठीचा निदान घरगुती उपयोग तरी होता. नरक्याला आपल्या जुन्या औषधग्रंथांत जागाच नव्हती. त्याचं मोल कळलं ते फार लांबच्या वाटेने, आणि त्या वाटेवर एक खानदेशी माणूस उभा आहे. मनसुख वाणी हे १९२५ मध्ये नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, पुढे अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. अमेरिकन सरकारने तेव्हा हजारो वनस्पतींचे अर्क कर्करोगाच्या पेशींवर तपासायचा मोठा उपक्रम हाती घेतला होता. १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी चीनमधल्या एका झाडाच्या अर्कातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं करून त्याची रचना प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी याच जोडीने पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढलं. एका माणसाच्या आयुष्यात अशी दोन द्रव्यं हाती लागणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत हे नाव क्वचितच दिसतं.

कॅम्प्टोथेसिनची पहिली परीक्षा मात्र साफ फसली. द्रव्य पाण्यात विरघळत नव्हतं, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांना देऊन पाहिला. गुण तर फारसा नाहीच, उलट मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. चाचण्या थांबल्या. विरघळवण्यासाठी रेणूतलं एक कडं उघडलं गेलं होतं आणि नेमकं तेच कडं बंद असताना औषध काम करतं, हे नंतर उमगलं. १९८५ मध्ये त्याचं पेशीतलं लक्ष्य सापडलं. पेशी दुभागताना डीएनएचा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज नावाचं विकर एक धागा तोडतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्याला तोडल्यावर जोडू देत नाही. भराभर वाढणाऱ्या कर्कपेशीला हे जास्त बाधतं. मग रसायनशास्त्रज्ञांनी रेणूची शेपटी बदलून तो पाण्यात विरघळेल आणि कडंही शाबूत राहील अशी रूपं तयार केली. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यांतल्या दोघांना मान्यता मिळाली: टोपोटेकान अंडाशयाच्या आणि इरिनोटेकान मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. अर्क निघाल्यापासून तीस वर्षं. झाडात जे होतं ते जसंच्या तसं दिलं असतं तर रुग्ण दगावले असते. त्यात दुरुस्ती करणं हे औषध बनवण्याचं निम्मं काम होतं.

या गोष्टीतला कोकणचा धागा १९७२ चा आहे. मुंबईत गोरेगावला सिबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं आणि टी. आर. गोविंदाचारी त्याचे प्रमुख होते. त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी नरक्याच्या लाकडातून कॅम्प्टोथेसिन काढून दाखवलं, आणि चिनी झाडापेक्षा त्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. सर्वसाधारणपणे हजार किलो वाळलेल्या मालातून एक ते तीन किलो द्रव्य मिळतं. म्हणजे आपल्या माथ्यावरचं हे दुर्लक्षित झाड जगातल्या मोजक्या उत्तम स्रोतांपैकी एक निघालं. ही बातमी जंगलात पोचली ती मात्र शास्त्राच्या नव्हे, व्यापाराच्या तोंडून. नव्वदच्या दशकापासून सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या जंगलांतून नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. खोडाबरोबर मुळंही खणली गेली, कारण द्रव्य मुळांत जास्त. वनखात्याने पकडलेल्या ट्रकांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत राहिल्या. तोडणाऱ्या गावकऱ्याला लाकडाच्या भावाने मजुरी मिळाली. कशासाठी तोडतो आहोत हे त्यांतल्या बहुतेकांना माहीतही नसावं.

इथे अर्क म्हणजे काय हे थोडं जवळून पाहू. वाळलेला भुगा पाण्यात, मद्यार्कात किंवा दुसऱ्या द्रावकात भिजवला की त्यात शेकडो द्रव्यं उतरतात, आणि कोणता द्रावक वापरला त्यावर कोणती उतरतील हे ठरतं. काढा आणि आसव यांत म्हणूनच गुणाचा फरक पडतो. प्रयोगशाळेत या अर्काचा एक ठिपका सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर ठेवतात आणि पट्टीचं टोक द्रावकात बुडवतात. द्रावक वर चढतो, आपल्याबरोबर द्रव्यांना कमी-जास्त अंतरापर्यंत ओढून नेतो, आणि ठिपक्याचे वेगवेगळे पट्टे होतात. नरक्याची पट्टी अतिनील दिव्याखाली धरली की कॅम्प्टोथेसिनचा पट्टा निळा उजळतो. शेजारी शुद्ध द्रव्याचा ज्ञात मापाचा ठिपका असेल तर या निळ्या पट्ट्याची तीव्रता मोजून नमुन्यात नेमकं किती द्रव्य आहे ते सांगता येतं. हे काही फार मोठं तंत्र नाही. बऱ्या औषधनिर्माण महाविद्यालयात शिकवतात. पण ही एक पट्टी दोन प्रश्नांचा निकाल लावते: हे झाड तेच आहे का, आणि त्यात पुरेसं द्रव्य आहे का. दुसरा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. पश्चिम घाटातले नमुने तपासणाऱ्यांना एकाच जातीच्या दोन झाडांत द्रव्याच्या प्रमाणात कित्येक पटींचा फरक आढळला आहे. हंगाम, झाडाचं वय, मूळ की फांदी, कुठल्या डोंगरावरचं, या सगळ्यांनी आकडा हलतो. तीच वनस्पती, तोच वैद्य, तीच मात्रा, आणि रुग्णाच्या पोटात मात्र या खेपेला जे जातं त्याच्या पाचपट पुढच्या खेपेला जाऊ शकतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की शेकडो वर्षांचा वापर हाच पुरावा नाही का? पिढ्यांनी घेऊन पाहिलेल्या औषधाला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोणत्या वनस्पती तपासायच्या याची निवड परंपरेने सोपी केली आहे आणि तीव्र विषारी वस्तू बहुतेक आधीच बाजूला काढल्या आहेत. सर्पगंधा हे त्याचं उत्तम उदाहरण. वेड, निद्रानाश आणि सर्पदंश यांसाठी ती पूर्वापार वापरात होती. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, आणि ती रक्तदाब उतरवते हे जगाला पटलं. १९५२ मध्ये तिच्यातलं रेसर्पिन वेगळं झालं. पण यातच परंपरेची मर्यादाही दिसते. रक्तदाब मोजायचं यंत्र नव्हतं तेव्हा सर्पगंधेचा हा गुण कुणाला कळणार? आणि नरक्याचा तर परंपरेला पत्ताच नव्हता.

परंपरेला दिसत नाही असा अपायही असतो. काही वर्षांनी उद्भवणारा आजार आणि पूर्वी घेतलेला पाला यांची सांगड गावातला शहाण्यातला शहाणा वैदूसुद्धा घालू शकत नाही. सापसण किंवा ईश्वरी ही वेल कोकणात ओळखीची आहे. तिच्या कुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या चिनी गोळ्यांत याच कुळातली एक वनस्पती चुकून मिसळली गेली आणि शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली; कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडे करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघर शिजत होता. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांनी पाहिले आणि २०२१ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली. नंतर देशभरातल्या रुग्णालयांतून ४३ रुग्णांची नोंद झाली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की ती खरी गुळवेल होती हे आधी सिद्ध करा. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल. हरकत वाजवी आहे. पण मग तीच हरकत बाजारातल्या प्रत्येक गुळवेल-चूर्णाच्या डबीला लावायला हवी. अपाय झाल्यावर ओळख मागायची आणि विकताना ती गृहीत धरायची, हा न्याय बरोबर नाही.

दुसरा आक्षेप अधिक बारकाव्याचा आहे. वनस्पतीतलं एकच द्रव्य वेगळं काढलं की बाकीच्या द्रव्यांची साथ तुटते; संपूर्ण वनस्पतीचा गुण त्याच्या तुकड्यात कसा येईल? आयुर्वेदाच्या बाजूने मांडला जाणारा हा मुद्दा काही ठिकाणी खरा ठरला आहे, आणि त्याचं उदाहरण कोकणातल्या कुंपणावरच आहे. खाजकुयलीच्या शेंगांवरची कुसं अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो, पण तिच्या बीमध्ये लेव्होडोपा असतं. हे १९३७ मध्येच भारतात कळलं होतं. कंपवातावर आजही तेच मुख्य औषध आहे. मुंबईत डॉ. अशोक वैद्य यांनी सत्तरच्या दशकात खाजकुयलीचं चूर्ण कंपवाताच्या रुग्णांना देऊन त्याची नोंद प्रसिद्ध केली. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर एक चाचणी झाली. ३० ग्रॅम खाजकुयली घेतल्यावर गुण सुमारे ३४ मिनिटांत सुरू झाला, नेहमीच्या गोळीला मात्र ६८ मिनिटं लागली. आणि तो गुण ३७ मिनिटं जास्त टिकला. आठ रुग्ण म्हणजे फार थोडे, हे खरंच. तरी कौल संपूर्ण बीच्या बाजूने पडला. मात्र हा कौल आपल्या हाती आला कसा? बीमध्ये किती लेव्होडोपा आहे ते आधी मोजलं, रुग्णाला आणि डॉक्टरला कोणतं औषध चालू आहे हे कळू दिलं नाही, आणि घड्याळ लावून बसले. म्हणजे संपूर्ण वनस्पतीची बाजू जिंकली तीही मोजूनच. मोजणं हे फक्त शुद्ध रेणूवाल्यांचं हत्यार आहे असं समजणं हीच खरी चूक.

कायद्यानेही आता हा मधला मार्ग मान्य केला आहे. ३० नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेने फायटोफार्मास्युटिकल हा औषधांचा नवा वर्ग केंद्राने निर्माण केला. शुद्धीकरण केलेला अर्क, त्यातली किमान चार द्रव्यं ओळखलेली आणि मोजलेली, आणि त्यावर नेहमीच्या औषधासारख्या सुरक्षिततेच्या आणि गुणाच्या चाचण्या. एकच रेणू वेगळा काढण्याची सक्ती नाही. याच वाटेने वासनवेलीच्या पाण्यातल्या अर्काची, म्हणजे आपल्या बांधावरच्या साध्या वेलीची, आधी डेंग्यूसाठी आणि २०२० मध्ये करोनासाठी रुग्णांवर चाचणी करायला परवानगी मिळाली. ग्रंथोक्त औषधांना मात्र गुणाच्या चाचणीतून पूर्वापार सूट आहे, आणि बहुतेक उत्पादक साहजिकच त्या सोप्या दारातून आत जातात. वजन घटवण्याच्या कॅप्सूलांचं तर बोलायलाच नको. कोकमाच्या कुळातल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा केवढा गाजावाजा झाला! १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे चाचणी घेतली तेव्हा नुसत्या गोळीपेक्षा त्याने काहीही जास्त केलं नाही. त्यानंतरही त्या कॅप्सूला खपतच राहिल्या. कोकमाने याचं वाईट वाटून घेऊ नये. सोलकढीसाठी त्याला कुठल्याच चाचणीची गरज नाही.

तिसरा आक्षेप मनाला सर्वांत जास्त भिडणारा. सगळं उघड केलं तर परके येऊन पेटंट घेतील, आपण बघत बसू. हळदीचं उदाहरण लगेच पुढे येतं. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. पण ते रद्द कसं झालं हे आपण विसरतो. मूळचे माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे प्रमुख होते. त्यांच्या संस्थेने ३२ संदर्भ सादर केले, त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं ते छापील, तारीख असलेल्या, सर्वांसमोर असलेल्या कागदांनी. आजीच्या तोंडी राहिलेल्या ज्ञानाने ते कधीच रद्द झालं नसतं. ज्ञानाची चोरी रोखायला सर्वांत उपयोगी पडते ती त्याची उघड नोंद. भाऊ दाजींच्या तेलासारखं दडवून ठेवलेलं चोरीला तर जात नाही, पण कुणाच्याच उपयोगीही पडत नाही.

उघड नोंदीने चोरी थांबली तरी पैसा गावात येतोच असं नाही, हा त्यापुढचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. २००२ चा जैवविविधता कायदा म्हणतो की जैविक साधनांचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने नफ्यातला काही भाग स्थानिकांना द्यावा. गावोगाव जैवविविधता समिती असावी आणि तिने लोकांच्या ज्ञानाची नोंदवही ठेवावी. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने भारतीय कंपन्यांनाही हा वाटा द्यावा लागेल असं ठरवलं. २०२३ च्या दुरुस्तीने मग ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या वापराला सूट देऊन टाकली, आणि आयुर्वेदिक उत्पादकांचा मोठा भार उतरला. ही दुरुस्ती गावाच्या बाजूची नाही हे स्पष्ट म्हणावं लागेल. नरक्या मात्र ग्रंथोक्त नाही, म्हणून त्याच्या बाबतीत ती सूट लागू पडू नये. नोंदवहीत नरक्याची ओळ आहे का, असल्यास त्याखाली कोणत्या डोंगरावरची किती झाडं लिहिली आहेत, हा प्रश्न घाटाखालच्या प्रत्येक ग्रामसभेने विचारण्यासारखा आहे.

एवढं सगळं करायला कोट्यवधी रुपये लागतात, रत्नागिरीसारख्या जिल्ह्याने काय करायचं, असं कुणी विचारेल. हजारो रुग्णांवरची चाचणी हे जिल्ह्याचं काम नाहीच. पण चार गोष्टींपैकी पहिल्या दोन, ओळख आणि माप, इथेच होऊ शकतात, आणि त्यांच्यावाचून पुढच्या दोन सुरूच होत नाहीत. पुण्याची एईआरएफ ही संस्था संगमेश्वर तालुक्यात बरीच वर्षं देवराया आणि खासगी जंगलं राखायचं काम करते आहे. पश्चिम घाटाच्या उत्तर भागातले हिरडा आणि बेहडा फेअरवाइल्ड प्रमाणपत्राखाली गोळा करून विकायची घडी तिने बसवली. यात झाड न तोडता फळ घ्यायचं, किती घ्यायचं ते आधी मोजायचं, आणि खरेदीदाराने त्याचा बरा दर द्यायचा. बेहड्याच्या जुन्या ढोलीत धनेश घरटं करतो, त्याचाही यात विचार आहे.

नरक्यासाठी याच्या पुढचं पाऊल लागेल, आणि त्याचा नमुना दापोलीत आहे. कोकमाची रोपं बीपासून केली तर निम्मी नर निघतात आणि फळासाठी सात-आठ वर्षं थांबावं लागतं. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जिल्ह्यातली चांगली झाडं हेरून कोकण अमृता आणि कोकण हातीस या जाती निवडल्या, त्यांची कलमं केली, आणि शेतकऱ्याला आपण नेमकं काय लावतो आहोत हे कळू लागलं. नरक्यात हेच करायचं तर आधी शेकडो झाडांचे नमुने घेऊन त्या निळ्या पट्ट्याने द्रव्य मोजावं लागेल, भरपूर द्रव्याची मातृवृक्षं निवडावी लागतील, त्यांची कलमं करून माथ्याखालच्या वरकस जमिनीत लावून पाहावी लागतील. पानांत आणि फांद्यांत द्रव्य मुळापेक्षा कमी असतं, पण दरवर्षी छाटणी करून ते मिळू शकेल. मूळ खणलं की झाड एकदाच उत्पन्न देतं. जम्मूच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीत कॅम्प्टोथेसिन सापडल्याचं दाखवलं होतं, आणि झाडाला हात न लावता औषध मिळेल अशी आशा निर्माण झाली. पण अशा बुरशी बशीत वाढवल्या की पिढीगणिक द्रव्य कमी करत जातात, म्हणून कारखान्याला अजून झाडच लागतं. तोवर छाटणीचं वर्ष कोणतं, एका झाडामागे किती फांद्या आणि किलोला काय दर, या तीन आकड्यांवर दापोलीसारख्या विद्यापीठाने पाच-सात वर्षांचा प्रयोग लावला तर लांज्याचा किंवा देवरुखचा शेतकरी आंब्याच्या बागेवरच्या उताराला नरक्या लावायचा की नाही हे स्वतःच्या हिशेबाने ठरवू शकेल.